सोमवारचे दोन तास

शिरोली एमआयडीसीतल्या आपल्या शेडात संयोगितानं लीजवर संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आणलं आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली. मशीनला ते भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं एक डबी बसवली होती. मशीन सुरू किंवा बंद झालं की संयोगिताच्या मोबाईलवर मेसेज. गेले तीन सोमवार, म्हणजे ऐन सुट्टीच्या दिवशी, कुणीतरी ते दोन-दोन तास चालवत होतं.

बाहेरच्याचं काम केलेलं आढळलं तर कंपनी मशीन उचलून नेणार, असं करारात स्पष्ट लिहिलेलं. मशीन गेलं की पंपाच्या भागांची मोठी ऑर्डरही गेली. ते चालवता येणारा माणूस शेडात एकच, कृष्णात. शेडची किल्लीही त्याच्याकडेच. आणखी काय पुरावा हवा?

सासरे आप्पा तर मशीनच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. "दुसऱ्याचं लोखंड माझ्या शेडात नगं," म्हणून त्यांनी सुनेशी महिनाभर अबोला धरला होता.

रविवारी दहा कामगारांसमोर तिनं विषय काढलाच. "सोमवारी कुणाची कामं करतोस रं?"

कृष्णात मूग गिळून गप्प.

"चोर हायस तू!" म्हणत तिनं किल्ली काढून घेतली. तो जेवणाचा डबा उचलून निघून गेला. गप्प राहिला म्हणजे चोरच, असं बाईसाहेबांनी ठरवूनही टाकलं.

सोमवारी अकराला पुन्हा मेसेज! संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे यानं दुसरी किल्लीसुद्धा करून घेतली होती! तिनं स्कूटर काढली आणि शेडचं दार धाडकन ढकललं.

मशीनसमोर आप्पा उभे होते. हातात कृष्णातच्या अक्षरातली वही, पायाशी बिघडलेल्या तुकड्यांचा ढीग. घरातली जादा किल्ली त्यांनीच आणली होती. तिची संयोगिताला आठवणही झाली नव्हती.

"आलीस व्हय?" आप्पा ओशाळले. "लई नावं ठेवली ह्या मशीनला, मग तुमच्याम्होरं शिकायची लाज वाटाय लागली. तुला सांगू नगो म्हणून कृष्णातला मीच शपथ घातलेली. आज अजून आला न्हाय त्यो. फोनबी उचलंना."

संयोगिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आप्पा, काल मी त्येला चोर म्हटलं. सगळ्यांम्होरं."

आप्पांनी मशीन बंद केलं.

"मग उद्या सगळ्यांम्होरंच त्येची माफी माग," ते म्हणाले. "आला तर."