तांबड्या ग्रहाच्या पाठीमागे

मित्रांनो, मी एक चिकटवही. वय सेहेचाळीस वर्षं, पानं चाळीस, त्यांतली दोन झुरळांनी आपसांत वाटून घेतलेली. आगाशीच्या बाजारात मी चित्रकलेची वही म्हणून विकले गेले, पण माझ्यावर कुणी आंबा काढला नाही की सूर्योदय काढला नाही. मला घेतलं विलासनं. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्याला वेड होतं पेपरात रोज येणाऱ्या एका चित्रकथेचं, ‘तांबड्या ग्रहावरचे कैदी’.

रोज तीन चित्रं. कॅप्टन धैर्यधर यानातून उतरतो, पायाखालची वाळू बोलू लागते, आणि नेमकं तिथंच ‘क्रमशः’ येतं. घरात कुणी पेपर उघडायच्या आधीच विलास ती पट्टी कापायचा आणि तांदळाच्या पेजेची खळ लावून मला चिकटवायचा. शास्त्राच्या दृष्टीनं कथा बरीच कच्ची होती. कॅप्टनचा प्राणवायू संपता संपता सतरा दिवस पुरला. पण वर्गातली मुलं हात धुऊन माझी पानं उलटायची, आणि खरं सांगते, मला मिरवायला आवडायचं.

आता अठ्ठावन्नाव्या पट्टीचं सांगते.

विलासची आई कृष्णाबाई आदल्या वर्षी वारली होती. तिचा जत्रेत काढलेला एकुलता एक फोटो होता. वर्षश्राद्धाच्या दिवशी छापून यावा म्हणून वडिलांनी, शत्रुघ्नभाऊंनी, तो मुंबईला पेपरच्या कचेरीत नेऊन दिला. त्या सकाळी ते भटजींना आणायला गेले होते. पेपर आला. विलासनं रोजच्यासारखी पट्टी कापली, चिकटवली आणि उरलेला पेपर ओट्यावर टाकला. त्याची बहीण यमुना, पंधरा वर्षांची, सोनचाफ्याच्या कळ्या कागदात बांधून करंडीत भरत होती. बागायतदारांच्या घरातली ती रोजची रीत. हाताशी आलेला तोही पेपर तिनं वापरला, आणि करंडी दादरला गेली.

भाऊ आले ते विचारतच आले. “पेपर कुटं हाय? चवथ्या पानावर तुमच्या आयचा फोटू हाय.”

विलासची पट्टी तिसऱ्या पानावरची, म्हणजे चवथ्याच्या पाठीवरचीच होती. तो माझ्याकडे धावला. नखानं एक कोपरा उचलला, तर मागच्या बाजूला साडीचा काठ दिसला. खळ वाळली होती; आणखी ओढलं असतं तर सगळंच फाटलं असतं. त्यानं मला दप्तरात कोंबलं आणि बाहेर जाऊन म्हणाला, “यमुताईनं त्यात चाफा बांधला.”

हे पुरतं खोटंही नव्हतं. म्हणून तर ते चाललं.

यमुनेला मार बसला नाही. भाऊ नुसते म्हणाले, “आयचं तोंड बाजारात धाडलंस, पोरी.” मग त्यांनी कचेरीत खेटे घातले. तो अंक शिल्लक नव्हता आणि मूळ फोटोही कुणाला सापडला नाही. पुढं भाऊ वारले तेही फोटो न बघताच.

विलासनं मला पूर्ण केलं, पण पुन्हा उघडलं नाही. पुढं तो फुलपाड्याला फ्लॅटमध्ये आला, आणि मी माळ्यावर गेले. मला तोंड असतं तर मी सगळं सांगितलं असतं, असं म्हणायला माझं काय जातं?

गेल्या महिन्यात त्याची मुलगी संजना हिनं मला खाली काढलं. जुन्या चित्रकथांच्या कुठल्याशा ग्रुपवर तिला पट्ट्यांचे फोटो टाकायचे होते. अठ्ठावन्नावी पट्टी एका बाजूनं सुटली होती. तिनं ती हलकेच उचलली.

“पप्पा, इथे मागे कै. कृष्णाबाई लिहिलंय! ही आजी ना? तुम्ही तर बोललेलात, आजीचा एकपण फोटो नाहीये!”

विलासला सुटायला वाट होती. ‘अरेच्चा, मलाही आत्ताच कळलं’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. मी त्याच्या मांडीवर होते. त्यानं भुईगावला, सासरी असलेल्या यमुनेला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ती बस बदलत आली. त्यानं चहासुद्धा होऊ दिला नाही. “ताई, मला तेव्हाच ठाऊक होतं. फोटो माझ्या वहीत होता. मी तुझ्यावर ढकललं.”

यमुनेनं मला जवळ ओढलं. संजनानं वाटीत कोमट पाणी आणलं. “पानी थोडं थोडं लाव,” यमुना म्हणाली, “घाई नको.” पट्टी अख्खी निघाली. कॅप्टन धैर्यधर पालथा पडला आणि कृष्णाबाई वर आल्या.

“माज्या लग्नात सासरच्यांनी चाफ्याची वेनी आनली होती,” यमुना फोटोकडे बघतच म्हणाली. “मी माळली नाय. आजवर कदी माळली नाय. चाफ्यासंगं आयचं तोंड मी बाजारात धाडलं म्हनून.”

विलास लहान पोरासारखा रडू लागला. तिनं त्याला जवळ घेतलं नाही, टाकूनही बोलली नाही. “आज मला आयकडं बगू दे. तुज्याशी उद्या बोलते.”

त्या उद्याला आता तीन आठवडे झाले. फोटो चौकटीत घालून यमुनेनं भुईगावला नेला. विलास रोज संध्याकाळी मोबाइल जवळ घेऊन बसतो.

मित्रांनो, वह्या जपा, डांबरगोळ्या घाला, हे तुम्हाला शाळेत सांगतीलच. माझी विनंती निराळी आहे. कात्री लावण्याआधी पान उलटून बघा. आणि चूक होऊनच गेली, तर ती त्याच दिवशी कबूल करा. विलासला त्या दिवशी फार तर दोन थपडा बसल्या असत्या.