सुगराबींचा अंगठा

मित्रांनो, शाळेच्या कपाटात फाटक्या नकाशांच्या मागे एक गंजलेली पत्र्याची डबी दिसली, तर ती मीच. मी अंगठ्याच्या शाईची डबी. ज्यांना सही येत नाही, त्यांनी माझ्या ओल्या कापडावर अंगठा दाबायचा आणि कागदावर उमटवायचा. पण त्यातला एक अंगठा मला अजून छळतो.

१९६८ साली हेडमास्तर सयाजी गुरुजींनी मला कोल्हापुरातून विकत घेतलं आणि पन्हाळ्याच्या वाटेवरच्या आमच्या गावात आणलं. गावात नुकतीच शाळा समिती झाली होती. शाळेचा कारभार गावानं मिळून ठरवायचा म्हणून पाच जण महिन्यातून एकदा सतरंजीवर बसत. अध्यक्ष गणपतराव आणि दुकानदार बसाप्पा झोकात सही करत. बांगड्या भरणाऱ्या सुगराबी अंगठा देत. त्यांचा ठसा बघून गुरुजी म्हणायचे, "एक रेघ फिसकटली न्हाय बघा!" मी आपली फुगून जायची.

पुढं बैठका मागे पडल्या. सुगीच्या दिवसांत येणार कोण? मग गुरुजींनी सोय काढली. ठरावाची वही आणि मला पिशवीत घालायचं आणि घरोघर हिंडायचं. पान कोरंच असे. "तुम्ही अंगठा द्या, मजकूर मी मागनं घालतो," असं ते सांगत. कामाचा खोळंबा टळला म्हणून लोकही खूश होते. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही, हे कबूल करते.

१९७४ च्या उन्हाळ्यात एका दुपारी सुगराबी एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवत होत्या. तेवढ्यात गुरुजींनी पान पुढं केलं. सुगराबींनी डावा अंगठा माझ्यावर टेकवला, पानावर दाबला आणि पुन्हा गिऱ्हाइकाचा हात धरला. संध्याकाळी गुरुजींनी त्या ठशाच्या वर लिहिलं, 'चौथीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या नव्या खोलीत हलवावा. सर्वानुमते मंजूर.' जुन्या खोलीची कौलं गळत होती आणि वर्ग हलवा म्हणून वरच्या कचेरीतून पत्रावर पत्र येत होतं. गुरुजींच्या मनात पाप नव्हतं. घाई होती.

आषाढात ओढा फुगला. सुगराबींची मुलगी नजीरा चौथीत होती, वर्गात पहिली. एका सकाळी ओढा ओलांडताना तिचा पाय घसरला आणि ती वाहून जायला लागली. धुणं धुणाऱ्या बाळाबाईंनी वेणीला धरून तिला ओढलं, म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी सुगराबी शाळेत आल्या.

"गुर्जी, वर्ग तिकडं न्यायचं कुणी ठरिवलं? मला इचारलं न्हाईसा ते!"

गुरुजींनी वही उघडली. "ह्यो अंगठा तुमचाच न्हवं, सुगराबी?"

त्यांनी वाकून ठसा निरखला.

"व्हय, माझाच की," त्या म्हणाल्या. "म्हंजे माझी पोर मीच ढकलली म्हणायची वड्यात."

गुरुजींनी वही मिटली. मी टेबलावर उघडी पडले होते. कुणी तरी झाकण लावावं असं मला वाटत होतं.

पोरीला पुन्हा ओढा नको म्हणून त्याच आठवड्यात सुगराबींनी नजीराला जयसिंगपूरला तिच्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं, घरकामाला धाडलं. गुरुजींनी सगळी समिती बोलावली, चूक कबूल केली आणि ठराव फिरवला. "आधी मोठ्यानं वाचा," सुगराबी म्हणाल्या. गुरुजींनी दोनदा वाचलं, तेव्हा कुठं त्यांनी अंगठा दिला. जुन्या खोलीची कौलं शाकारून वर्ग अलीकडं आला. ओढ्याच्या भीतीनं घरी बसलेल्या मुलीही आल्या.

नजीरा मात्र तिकडच्या घरकामातच अडकली, ती आली नाही. गुरुजी वर्षभर हजेरीत तिचं नाव घ्यायचे, जरा थांबायचे आणि मग पुढचं नाव घ्यायचे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशा समितीत बसाल. कोऱ्या पानावर सही करू नका. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवल्याशिवाय त्याचा अंगठा घेऊ नका. त्या दुपारी सुगराबींचा अंगठा माझ्यावर टेकला, तेव्हा पान कोरं होतं, तरी तो मला खूप छान वाटला होता. त्याचीच मला आज लाज वाटते.