पाहुण्या बियाण्याची माती

न्यागोंद्वे आजीच्या अंगणात बाराजणी भाजलेल्या शेंगा फोडत बसल्या होत्या आणि तावोंगाला हसू आवरत नव्हतं. संशोधन केंद्रातली तिची नोकरी या एका निकालावर टांगलेली होती. तिनं तयार केलेलं भुईमुगाचं बियाणं या बायकांनी लावलं होतं. प्रत्येकीच्या वावरात अर्ध्यात जुनं, अर्ध्यात नवं. नव्याच्या पिकाची सरासरी इतकी वर गेली होती, की दोन्ही बियाणी सारखीच असती तर एवढा फरक नुसत्या योगायोगानं शंभरात एकदाही पडला नसता. आता बियाण्याला मंजुरी मिळणार आणि नोकरीही पक्की होणार होती.

"तुमच्यामुळं झालं, आजी," ती म्हणाली.

"झालं म्हणे! खताला म्हणून वारुळाची माती वाहून पाठ मोडली आमची."

"कुठली माती?"

"तुझ्या बियाण्याच्या अंगाला टाकली ती. नवं बियाणं म्हणजे पाहुणा. पाहुण्याला कोंबडी वाढायची आणि घरच्यांनी पालेभाजीशी मक्याची न्सिमा खायची. आईनं शिकवलं नाही वाटतं?"

"हिनं टाकली म्हणून मी दुप्पट टाकली," शेजारची म्हणाली, आणि बाकीच्या "आम्हीपण" म्हणत खुसखुसल्या. म्हणजे बाराही जणींनी टाकली होती.

तावोंगाच्या हातातली शेंग हातातच राहिली. गणितानं विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं होतं, फरक योगायोगाचा नाही. तो बियाण्याचा की मातीचा, हे गणिताला काय ठाऊक? चूक तिचीच होती. कुठल्या अर्ध्यात काय लावायचं ते नाणं उडवून ठरवतात आणि दोन्ही अर्ध्यांची मशागत सारखी ठेवायला सांगतात, हे तिला पाठ होतं. पण आजीच्या वयाच्या बाईला तिच्याच वावरात हुकूम कसा सोडायचा, म्हणून "तुम्हीच ठरवा" म्हणून ती मोकळी झाली होती. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

गप्प बसली असती तर केंद्रात कुणाला पत्ताही लागला नसता. तसा मोह तिला झालाही. पण मग या बायका जुनं बियाणं टाकून देणार, आणि नवं फसलं तर खाणार काय?

"आजी, हा निकाल धरता येणार नाही. मी तसं कळवते. पुढच्या वर्षी पुन्हा लावू, नाणं उडवून. माती टाकायची तर दोन्हीकडं सारखी."

"आणि पाहुण्याच्या वाट्याला खडकाळ अंग आलं तर?"

"येऊ दे."

"तुझी नोकरी?"

"तोवर टिकेलच असं नाही."

आजीनं मांडीवरची टरफलं झटकली.

"पोरी, बियाण्याला कोण ओळखतं? माती आम्ही तुझ्यासाठी वाहिली होती."

तावोंगा तिथंच, सगळ्यांदेखत, रडत बसली.