दोन बादल्या गरम पाणी

मी हौद बोलतोय. टावर चौकामागच्या गल्लीत एक लहानसं प्रार्थनाघर आहे, त्याच्या स्टेजखाली मी असतो. वर लाकडी फळ्या, फळ्यांवर सतरंजी. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना माझा पत्ताही नसतो.

मला बांधणारा मिस्त्री वैतागला होता. "टंकी में सीढ़ी कौन बनवाता है?" असं तीनदा विचारून त्यानं चार पायऱ्या केल्या. पहिल्याच वर्षी मी गळलो, ते अजून मला ऐकवतात. वर्षातून एकदोनदा फळ्या निघतात. एरवी माझ्या पोटात मोडक्या खुर्च्या आणि फाटका ढोलक. पण ज्या दिवशी मला घासून भरतात, त्या दिवशी माझा थाट बघावा. पांढऱ्या कपड्यांतली माणसं रडत उतरतात, हसत वर येतात. पापं धुणारा मीच, असा माझा पक्का समज होता.

तो समज या थंडीत उतरला. आल्हाद पास्टर स्टेजवर बसून बाप्तिस्म्याचा अर्थ शिकवत होते. शिकायला एकटेच दत्तात्रयकाका, बँकेतून रिटायर झालेले, आणि सोबतीला त्यांची बायको शोभाताई. काका अकरा वर्षं इथे शेवटच्या बाकावर बसतात. सोमवारी तेच शोभाताईंना स्कूटरवरून महाकालला नेतात आणि त्यांच्या चपला सांभाळत बाहेर थांबतात. यावरून घरात कधी वाजलं नाही.

"पाण्यानं पाप जात नाही," पास्टर म्हणाले. "ते ख्रिस्तानं उचललं. जुना माणूस त्याच्याबरोबर मेला, पुरला गेला, आणि नवा उठला, हे सगळ्यांसमोर सांगायचं असतं. पाण्याखाली जाणं म्हणजे पुरलं जाणं."

म्हणजे मी कबर? मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शोभाताईंना माझ्याहून जास्त लागलं.

"मग खरंच मेल्यावर ह्यांना पुरणार का?"

पास्टर म्हणाले, "मंडळीचं कब्रस्तान आहे, ताई. पण ते काकांनी ठरवायचं."

"आणि मला चक्रतीर्थावर जाळतील," शोभाताई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं एका घरात काढली, आणि शेवटी हे एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला."

काका म्हणाले, "अगं, मी आत्ता कुठे चाललोय? तू म्हणशील तर थांबतो."

"अकरा वर्षं माझ्यासाठीच थांबलात ना? कळत नाही का मला? आता थांबू नका. फक्त मला बरं वाटतंय असं समजू नका."

धर्म बदलण्याआधी कलेक्टर कचेरीत अर्ज द्यावा लागतो, तो दिला होता, त्याचे साठ दिवस भरले. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणून टँकर मागवून मला भरलं. पाणी असं गार होतं की माझंच प्लास्टर आखडलं. तेवढ्यात शोभाताई मागच्या स्वयंपाकघरातून गरम पाण्याची बादली घेऊन आल्या आणि माझ्यात ओतली. मग दुसरी आणली.

"ह्यांना लगेच सर्दी होते," कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या. एवढ्या मोठ्या हौदात दोन बादल्यांनी काय होणार? पण मला ती ऊब कळली.

काका उतरले. पास्टरांनी विचारलं, "येशूवर तुमचा विश्वास आहे?" काका म्हणाले, "आहे." मग पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पास्टरांनी त्यांना मागे झुकवलं आणि ते पूर्ण पाण्याखाली गेले. वर शोभाताई खुर्चीवरून उठल्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या. तोवर काका वर आलेही होते.

आता त्या दर रविवारी येतात. गाणी म्हणत नाहीत, डोळे मिटत नाहीत, माझ्या फळ्यांजवळ बसून राहतात. कब्रस्तान की चक्रतीर्थ, दोघांचं अजून ठरलेलं नाही. रात्री ते या विषयावर बोलतच नाहीत, असं काका परवा पास्टरांना सांगत होते. मला त्याची काळजी लागून राहते.

मी साधा चार पायऱ्यांचा हौद, मला उत्तर कुठून येणार? पण एक गोष्ट मी पाहिली आहे. माझ्यात पुरलेला एकही माणूस खाली राहिला नाही. आणि वर आल्याबरोबर काकांनी आधी पास्टरांकडे नाही, शोभाताईंच्या खुर्चीकडे पाहिलं होतं. पण तेवढ्यात त्या टॉवेल काढायला पिशवीत वाकल्या, त्यांना ते दिसलंच नाही. मला फळ्यांखालून बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी त्यांना सांगा.