ग्यूचलच्या आईचं नाक

वासाची तिसरी तक्रार आल्यावर गावप्रमुख बाबांना म्हणाले, "तुमच्या अळिंबीघराचा पंखा बंद करायचा का, ते शनिवारच्या बैठकीत ठरेल."

पंखा बंद म्हणजे हंगाम गेला. आत फळ्यांवर पेंढा आणि कोंबडीखत तापत असतं. हवा मिळाली नाही तर ते आतून सडतं, मग बी रुजत नाही.

पंख्याची हवा मी आधीच लाकडाच्या ओल्या ढलप्यांच्या जाड थरातून बाहेर सोडली होती. ढलप्यांवरचे जिवाणू खताच्या वासातला अमोनिया खातात, हे विद्यापीठात मी स्वतः मोजलेलं.

"वास गेला," मी म्हणाले.

"गेलाच," बाबा म्हणाले.

मग लक्षात आलं, तीस वर्षं त्याच वासात वावरलेल्या बाबांच्या नाकाची साक्ष काय कामाची? माझं तर जन्मापासून त्यातच.

म्हणून तक्रार करणाऱ्या शेजारणीकडेच गेले. ग्यूचलची आई. बूयो जिल्ह्याच्या या भागात कुणाचा त्वेनजांग, आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, बिघडला, तर मडक्याचं झाकण आधी तिच्या नाकाखाली उघडतात.

"काकू, जरा येऊन हुंगता का?"

"मला फुकटचं यंत्र समजलीस?"

"यंत्र तुमच्याइतकं अचूक नसतं."

"लाडीगोडी नको," म्हणत तिनं चपला घातल्या.

ढलप्यांपाशी ती वाकली. "इथं पावसाळी जंगल." मग भिंतीकडेनं चालत दाराशी थांबली. "चोर इथं आहे!"

मी दाराच्या फटीला पातळ कागद धरला. तो बाहेर फडफडला. आत हवा ढकलायला बाबांनी दुसरा पंखा बसवला होता. तो ढकलायचा जास्त, पहिला ओढायचा कमी. उरलेली हवा दारातून निसटायची. कागद आत ओढला जाईपर्यंत मी हा दुसरा पंखा मंद केला.

दुसऱ्या दिवशी ती तीनदा आली. तिसऱ्यांदा डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. "काही नाही," म्हणाली, जरा हिरमुसूनच.

शनिवारी प्रमुख म्हणाले, "हात वर करा."

ग्यूचलची आई उठली. "वासाचा निवाडा हातानं करता होय? मी हुंगलंय. पंखा चालू राहील. शंका असेल त्यानं आधी सिगारेट सोडावी, मग हुंगायला यावं."

सगळे हसले. प्रमुखांनी सिगारेटचं पाकीट खिशात ढकललं आणि पुढचा विषय घेतला.

"माझी चूक होती, माझ्याच मुलीनं पकडली!" घरी पोचेपर्यंत बाबांनी हे चौघांना ऐकवलं. त्यातले दोघे बैठकीतून आमच्याबरोबरच निघाले होते.