सरकारच्या वाट्याचं करडू

अर्धापूरजवळची केळीच्या वेफर्सची एक कंपनी बुडाली. तिचं सामान विकून घेणेकऱ्यांचे पैसे फेडायला सरकारनं लातूरच्या रविकांत साहेबांना नेमलं. साहेबांनी कारखान्यातल्या सगळ्या वस्तूंची यादी केली, कुंपणाची भोकं बुजवली, फाटकाला सील ठोकलं आणि शिपाई नरसिंगला पहाऱ्यावर बसवलं.

यादीत भट्टी होती, तराजू होता आणि शेवटी एक पांढरी शेळी होती.

शेळी होती शेजारच्या धुरपताबाईची. केळीच्या साली खायला ती रोज कुंपणातून आत शिरायची. सील ठोकलं तेव्हा ती आतच होती.

"साहेब, माझी बिजली सोडा," धुरपताबाई फाटकावर येऊन म्हणाली.

"आजी, आतलं सगळं आता घेणेकऱ्यांचं. तुमची असेल तर पुरावा आणा."

"शेळीला काय सातबारा असतोय व्हय?"

शेवटी अर्ज लातूरला वरच्या साहेबांकडं गेला. मालमत्ता खराब होऊ नये म्हणून बिजलीला सरकारी खर्चानं चारा सुरू झाला. हुकूम येईपर्यंत ती चांगली गुबगुबीत झाली आणि दोन करडं व्याली.

साहेब हुकूम घेऊन आले. "न्या आजी, तिन्ही न्या."

धुरपताबाई जागची हलली नाही. "तिन्ही कशी? जित्राब दुसऱ्यानं सांभाळलं की पिल्लं निम्मी त्याची. आमच्यात असंच असतंय. एक करडू सरकारचं."

"सरकारला नको."

"वाटा बुडवून नेलेलं जित्राब जगत न्हाई. माझी बिजली मारता का?"

साहेबांनी मनात हिशेब मांडला. करडू घेतलं की ती मालमत्ता. मग किंमत ठरवा, पेपरात जाहिरात द्या, लिलाव करा. जाहिरातच करडापेक्षा महाग!

"साहेब, लवकर ठरवा," नरसिंग म्हणाला. "ते सील खाऊन राहिलंय."

खरंच, सरकारच्या वाट्याचं करडू सरकारचंच सील चघळत होतं.

साहेब निलंग्याकडच्या खेड्यातले, जित्राब अर्ध्या वाट्यानं सांभाळायला द्यायची रीत त्यांना ठाऊक होती. त्यांना एकदम सुचलं. "आजी, सरकारचं करडू तुम्हीच सांभाळा. अर्ध्या वाट्यानं."

"हाव! ही रीतीची गोष्ट झाली," म्हणत धुरपताबाई तिघांना घेऊन गेली. सुटलो, असं साहेब मनात म्हणाले.

पुढं भट्टी विकली, तराजू विकला, घेणेकऱ्यांना जमेल तेवढं वाटलं. यात वर्ष-दीड वर्ष गेलं. एके दिवशी लातूरच्या कचेरीत साहेब शेवटचा अहवाल लिहीत बसले होते. 'आता वाटण्यासारखं काहीही उरलेलं नाही,' एवढं लिहून झालं, तोच जिन्यावर बें बें ऐकू आलं.

दारात धुरपताबाई. मागं एक तरणी शेळी, पदरात तीन पिल्लं.

"साहेब, सरकारची शेळी व्याली. तीन झाली. दीड तुमचं."

साहेबांनी अहवालातल्या 'नाही'वर रेघ मारली. मग हळूच म्हणाले, "आजी, आमचं दीडही तुमच्याकडंच ठेवता का?"

"ठेवते की," धुरपताबाई म्हणाली. "अर्ध्या वाट्यानं."