शेजारच्या खुर्चीचं वजन

त्या मालवाहू कंपनीकडे विमानं दोन, त्यातलं एक कायम दुरुस्तीत. उडणाऱ्या विमानात काय चढणार, किती चढणार आणि कुठे ठेवणार, हे ठरवायचा मान एकट्या काटेवाल्याचा. बावीस वर्षं तो वजनकाट्यापाशी उभा होता. औषधांचे खोके, यंत्रांचे सुटे भाग, कोंबडीची पिल्लं, टपाल, सगळं तोलून कागदावर उतरवायचा. वजनाच्या बाबतीत मालकाच्या बापाचंही ऐकायचा नाही. घरी मात्र याच माणसाने काय दिवे लावले, ते ऐका.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला उपचारासाठी मुलीच्या गावी हलवलं. विमान रोज तिथेच जायचं. पायलटशेजारची खुर्ची रिकामी असायची आणि वजनात बसत असेल तर कंपनीच्या माणसाला तिथे बसून जाता यायचं. एकोणीस दिवस बायको वाट बघत होती. एकोणीस दिवस हा फोनवर सांगत होता, "आज जागा नाही गं, विमान भरलंय." विसाव्या दिवशी ती गेली. त्यानंतरही हा गेला नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

आता कंपनी ती फेरीच बंद करत होती. आजची शेवटची. मुलगी म्हणाली होती, "बाबा, तासभर तरी या. त्याच विमानाने परत जा. मी धावपट्टीपाशी उभी राहते." रस्त्याने दोन दिवस लागायचे, आणि याच्या गुडघ्यांनी तसल्या प्रवासाला केव्हाच हात टेकले होते. आज नाही तर मग नाहीच, हे बापलेकीला दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्वतःच काट्यावर उभा राहिला. बहात्तर किलो. कागदावर शेजारच्या खुर्चीपुढे तो आकडा लिहिला, त्यावर विमानाच्या समतोलाचं सगळं गणित मांडलं, सही केली. शिडीपर्यंत गेलाही. एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथेच थांबला. पलीकडे उतरल्यावर मुलगी पहिला प्रश्न काय विचारेल, हे त्याला माहीत होतं.

"चला, काटेवाले," कॅप्टनबाई वरून म्हणाल्या.

"आज नको."

"मुलगी येणार आहे ना तुमची?"

"येणार आहे."

"मग?"

"कळतं हो. वळत नाही."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. "तुमचं वजन धरलंय कागदात. गणित परत मांडा."

"कशाला? तेवढंच वजन देतो."

समतोलासाठी वाळूच्या पिशव्या ठेवलेल्या असायच्या, बारा-बारा किलोच्या. त्याने सहा मोजल्या, खुर्चीत रचल्या, वरून पट्टा आवळला. कागद खरा ठरला. अहो, कागदापुरता हा माणूस कायमच खरा.

विमान गेलं. तोलायला काही उरलं नव्हतं आणि बोलायला कोणी नव्हतं. त्याने डबा उघडला आणि तसाच परत लावला.

दुपारी फोन वाजला.

"बाबा, तुमच्या खुर्चीत वाळू आलीय."

"हो."

"पट्टा लावून पाठवलीत."

"सुटली तर धोका असतो."

हे काय बोलणं झालं? त्याची त्यालाच लाज वाटली.  मुलीच्या मागे खोके उतरवल्याचे आवाज येत होते.

"आई असताना," ती म्हणाली, "खरंच जागा नसायची?"

हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. तीन वर्षांपूर्वीचे कागद कोण उकरून बघणार होतं? पण एकोणीस दिवस रेटलेलं खोटं आज काही रेटेना.

"असायची. तिला तसं बघायची भीती वाटायची गं मला."

"जागा रोज असायची?"

"दोन दिवस सोडून."

"आणि शेवटच्या दिवशी?"

त्याला कागद शोधायची गरज नव्हती.

"एकशे चाळीस किलोची जागा होती," तो म्हणाला.